भोंगा कुणाला ऐकू येतो?

ठाण्यापासून कल्याणपर्यंत जुन्या घरांच्या भिंतींवर लग्नाचे जे फोटो टांगलेले आहेत, त्यांतल्या पुष्कळ फोटोंत मी आहे. पण शोधायला जाऊ नका, सापडणार नाही. नवरदेवाच्या मागे बँडवाल्यांच्या शेवटच्या रांगेत एक मोठं पितळी तोंड आभाळाकडे आ वासून उभं असतं, त्याच्यामागे मी. फोटोग्राफर म्हणायचा, "भोंगा जरा वर घ्या हो, छान चमकतोय." भोंगा वर गेला की माझं तोंड झाकलं जायचं. उमेदीची सगळी वर्षं मी अशी पितळेच्या आडोशाला काढली.

या अंकासाठी बँडच्या आठवणी लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कॉर्नेटवाला असणार. कॉर्नेटवाल्याकडे आठवणी असतात. त्याच्यासमोर व्याही नाचतात, विहिणी पदराआडून त्याच्याकडे बघतात, गाणं संपलं की लोक "वन्स मोअर" म्हणतात. भोंगेवाल्याला कुणी वन्स मोअर दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. माझ्यापाशी आठवणींपेक्षा एक प्रश्न आहे, आणि तो मी बरीच वर्षं छातीशी धरून चाललो. लोकांचं सोडा, पण माझ्या शेजारी चालणाऱ्या, माझ्याच बँडातल्या माणसांना तरी माझा भोंगा ऐकू येत होता का?

ज्यांनी बँड फक्त गॅलरीतून पाहिलाय त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. पुढच्या रांगेत कॉर्नेट, म्हणजे आखूड पितळी तुतारी, आणि काळी लाकडी क्लॅरिनेट. गाणं म्हणायचं ते त्यांनी. मधे साइड ड्रमची कडकड. सगळ्यांत मागे दोघे, मोठा ढोल आणि बास. बास म्हणजेच आमचा भोंगा. तो छातीशी धरायचा, तीन पिस्टनांवर तीन बोटं ठेवायची आणि ज्या सुरावर गाणं उभं असतं तो खालचा सूर पावलागणिक देत राहायचा. भोम्, भोम्. एवढंच. कालवणातल्या मिठासारखं काम. असलं तर कुणी नाव काढत नाही. ढोल त्याच पावलावर ठोका देतो, म्हणून ढोल आणि भोंगा यांची जोडी. एकाचा श्वास आणि दुसऱ्याचा हात एका वेळी पडला पाहिजे.

मी ठाण्याच्या खाडीकाठचा कोळी. लग्नसराईत बँड आणि चातुर्मासात खाडी, असं आमचं वर्षाचं गणित होतं. आमच्या कोळीवाड्यातल्या हळदींना बँड लागायचाच, त्यामुळे पोरवयातच कानाला पितळ लागलेलं. बँडाचे मालक बाबू मास्तर, ते स्वतः कॉर्नेट वाजवत. उंच, सडपातळ, मिशीला तूप लावणारे. क्लॅरिनेटवर पास्कल, ठाण्याचाच, चर्चजवळ राहणारा. ढोलावर महादू, आमच्याच वाड्यातला. बाकीचे येऊन जाऊन असत.

माझा भोंगा दुसऱ्या महायुद्धातला. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान विकायला निघालं. खाटा, ताडपत्र्या, पत्र्याचे टब, आणि त्या ढिगात हा. कुठल्या तरी गोऱ्या पलटणीच्या बँडातला असणार. पोटाला एवढा मोठा पोचा होता की त्यात पोळी मावली असती. मास्तरांनी तो घेतला आणि माझ्या गळ्यात घातला, कारण बँडात छाती माझीच रुंद होती. पारनाक्याजवळच्या एका तांबटाकडून मी पोचा काढून घेतला. त्याने आयुष्यभर हंडे-कळश्या ठोकलेल्या. भोंगा उलटसुलट करून म्हणाला, "यात पाणी कुठून भरायचं?" पण काम चोख केलं. चिंच आणि राख लावून मी तो इतका घासला की बायकोने आपलं कुंकू त्यात बघून लावलं.

माझी बायको हौसा. डोंबिवलीत दारोदार मासळी विकायची. मी घरी सराव करायला बसलो की मांडणीवरच्या सगळ्या भांड्यांतलं एकच पितळी ताट वाजायला लागायचं. ठरावीक एका सुराला ते थरथरायचं, बाकी वेळ गप्प. हौसा म्हणायची, "तुजा भोंगा माज्या ताटाला कलतो, मानसांना नाय कलत."

बोलण्यात तिचा हात कुणी धरत नसे. पण ते बोलणं मला लागायचं, कारण खरं होतं. भोंग्याचा जुना माउथपीस झिजलेला होता. कड उडालेली, ओठाला टोचायचा, जिभेवर तांब्याची चव यायची. मुंबईला धोबीतलावाच्या बाजूला जुन्या वाद्यांची दुकानं होती, तिथून मी मुद्दाम जाऊन एक नवा माउथपीस आणला. खोल वाटीचा, चांदीसारखा पांढरा. काय सूर लागला त्याने! कसा गोल, भरलेला. घरी वाजवून मीच खूश झालो. दुसऱ्या दिवशी तालमीला गेलो, तीन गाणी वाजवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज काही वेगळं वाटतंय का?"

पास्कलने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "केस कापलेस?"

मास्तर म्हणाले, "वेगळं म्हणजे, आज तू वेळेवर आलायस."

साइड ड्रमवाला म्हणाला, "नवीन चपला दिसतायत." चपला जुन्याच होत्या.

महादूला मी विचारलं नाही, कारण आमचा अबोला होता. तो खाली बसून ढोलाची दोरी ताणत होता. मी सूर दिला तेव्हा तो क्षणभर थांबला होता, ढोलाच्या पानावर, त्या ताणलेल्या चामड्यावर, हात ठेवून मान वाकडी करून बसला होता आणि मग पुन्हा दोरी ताणू लागला. मला वाटलं, हा मनातल्या मनात हसतोय. घरी जाऊन मी जुना माउथपीस फेकूनच देणार होतो, पण हौसाने तो उचलला. बाटलीत रॉकेल ओतायला तिला नरसाळं हवंच होतं.

आमच्यासारख्यांकडे गिऱ्हाईक कसं बघतं याचा एक नमुना सांगतो. डोंबिवली तेव्हा छोटी होती. बैठी घरं, विहिरी, आणि मुंबईहून नव्याने राहायला आलेली नोकरदार मंडळी. त्यातले एक पेन्शनर गृहस्थ मुलाच्या लग्नासाठी बँड ठरवायला आले. आधी तालीम ऐकली. डोळे मिटून, मान डोलवत. मग माझ्याकडे बोट करून मास्तरांना म्हणाले, "मी पेटी वाजवतो, मला संगीत कळतं. हे गृहस्थ एकच एक वाजवतायत. यांना वगळून काय पडेल?"

मास्तरांनी फार गोड आवाजात सांगितलं, "वगळतो की. पण साहेब, तो भोंगा नसला तर मिरवणूक तोकडी दिसते."

गृहस्थ विचारात पडले. शेवटी म्हणाले, "मग राहू द्या. दिसायला राहू द्या."

त्या दिवसापासून बँडात मला 'दिसायचा दामू' असं नाव पडलं. मी पण हसायचो. हसण्यावारी नेलं नाही तर ते नाव घट्ट बसतं, हे मला ठाऊक होतं.

आता महादूबद्दल. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा, खांद्याने भरलेला, पारशीकच्या डोंगरात दगडाच्या खाणीवर सुरुंगाचं काम करून आलेला. पूर्वी आमची चांगली दोस्ती होती. मग माझ्या मुलीचं बारसं आलं. आदल्या दिवशी मी होडीत होतो आणि महादू बंदरावर जाळं सुकवत होता. मी पाण्यातूनच हाक मारली, "महादू, उद्या बारशाला ये, घरच्यांना घेऊन ये." त्याने वर बघितलं, हात हलवला आणि पुन्हा जाळ्याकडे वळला. बारशाला आला नाही. घरातलंही कुणी आलं नाही. आमच्याकडे बारशाला किंवा हळदीला न येणं म्हणजे भरल्या ताटावरून उठवण्यासारखं. मी बोलणं बंद केलं. मी बोलत नाही म्हटल्यावर त्यानेही बंद केलं. हौसा मध्यस्थीला गेली होती, तर महादूची बायको तिला म्हणाली, "तुमीच बोलावला नाय आमाला." मी म्हटलं, बघा, वर खोटंही बोलतात.

मजा अशी की अबोला असूनही बँडात महादू माझा शेजार सोडत नसे. मी त्याच्या डाव्या हाताला चालायचो. मास्तरांनी कधी रांग बदलली की दोन गल्ल्या गेल्यावर तो सरकत सरकत पुन्हा माझ्या उजवीकडे. ढोलवाला उजव्या हाताने ठोका देतो आणि डावा पंजा दुसऱ्या पानावर ठेवतो, घुमणं दाबायला. ते डावं पान नेमकं माझ्या भोंग्याच्या पोटासमोर असायचं. मला वाटायचं, मला चिडवण्यासाठीच हा असा अंगाला लागून चालतो.

पुढे लोकांना बोलपटातली गाणी हवीशी झाली. मिरवणुकीत मार्च कोण ऐकतो? सिनेमातली बाई जशी गाते तशी क्लॅरिनेट वाजली पाहिजे. पास्कल एकटा कमी पडायला लागला. मास्तरांनी दुसरा क्लॅरिनेटवाला बघितला, भायखळ्याचा कुणी तरुण माणूस. प्रश्न एवढाच राहिला की त्याच्यासाठी जागा कुणाची करायची. मास्तर माझ्याशी त्या काळात जरा जास्तच प्रेमाने बोलू लागले. "दामू, घरी सगळं ठीक ना?" मालक घरची चौकशी करायला लागला की माणसाने समजून जावं.

बँड गेला तर खाडी होतीच. पण खाडीत तेव्हा आधीसारखं मिळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझा जीव त्या पितळेत अडकला होता. रांगेतून चालताना छातीत जे घुमतं, ते मासळीच्या टोपलीत कुठून घुमणार?

नेमकी त्याच सुमारास माझी दाढ सुजली. ठाण्याच्या डॉक्टरने ती उपटली आणि सांगितलं, काही दिवस फुंकर मारायची नाही, चहावर सुद्धा नाही. आणि दुसऱ्याच दिवशी कल्याणला दुपारच्या मुहूर्ताचं लग्न. मी मास्तरांना गाल दाखवला. त्यांनी तो सगळ्या बाजूंनी बघितला.

"नुसता धर," ते म्हणाले. "गिऱ्हाईक वाद्यं मोजतं, सूर मोजत नाही. आणि हे बघ, आज कळेलच आपल्याला तुझ्यावाचून अडतं का ते."

म्हणजे ती माझी परीक्षा होती, आणि मी ती तोंड बंद ठेवून द्यायची होती.

स्टेशनाकडून पारनाक्याकडे मिरवणूक निघाली. नवरदेव घोड्यावर, मुंडावळ्यांच्या आत घामाघूम. मी भोंगा छातीशी धरून चालत होतो, पिस्टनांवर बोटं हलवत होतो. सुजलेला गाल असा टरारून दिसत होता की नवऱ्या मुलाचे मामा माझ्याजवळून चालता चालता कुणाला तरी म्हणाले, "बाकीचे नुसते पिपाण्या फुंकतायत. खरी मेहनत हा माणूस करतोय, गाल बघा त्याचे." माझ्या सगळ्या कारकिर्दीत वाजवण्याची एवढी तारीफ कुणी केली नव्हती.

पहिलं गाणं कसंबसं पार पडलं. दुसऱ्यात बिघडायला सुरुवात झाली. महादूचा ठोका आधी रेंगाळला, मग घाई करू लागला. त्याच्या मागून साइड ड्रम भरकटला. पास्कलने मागे वळून डोळे वटारले. मास्तर कॉर्नेट तोंडातून काढून पास्कलवर खेकसले, "पळतोस कुठं?" पास्कल म्हणाला, "मी नाय पळत, तुम्ही पळताय." साइड ड्रमवाला म्हणाला, घामाने हात ओला झालाय. सगळे एकमेकांवर घसरत होते. घोडा बिचकून आडवा झाला, नाचणाऱ्या पोरींनी नाच थांबवला. काय नाहीसं झालंय ते कुणालाच कळत नव्हतं. भोंगा नाही, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही. मी तिथेच होतो, भोंगा डोळ्यांसमोर चमकत होता, मग तो नाही असं कोण म्हणेल?

माझ्या मनात काय चाललं होतं ते लपवत नाही. मला बरं वाटत होतं. म्हटलं, घ्या, आता कळेल.

तेवढ्यात महादू माझ्या अंगाला येऊन भिडला. ढोलाचं डावं पान त्याने जवळजवळ माझ्या भोंग्यावर टेकवलं. मी बाजूला सरलो, तो पुन्हा भिडला. मला वाटलं, चारचौघांत भांडण काढतोय. त्याच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा असा झाला होता जसा होडी फुटल्यावर माणसाचा होतो. एवढ्या वर्षांनी तो माझ्याशी पहिला शब्द बोलला, आणि तोही ओरडून.

"फुंक ना!"

मी म्हटलं, "दाढ काढलीय. मास्तरांनी नुसता धरायला सांगितलंय."

"फुंक!"

मी पुन्हा सांगितलं, त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन, चांगलं मोठ्याने. तो माझ्या ओठांकडे बघत होता. कानाजवळ तोंड नेलं तर त्याने मान मागे घेतली आणि पुन्हा ओठांकडेच बघू लागला. मी काय म्हणतोय ते त्याला काडीचंही कळलं नव्हतं. मग माझी नजर त्याच्या डाव्या हाताकडे गेली. पंजा ढोलाच्या पानावर पसरलेला होता, आणि अंधारात भिंत चाचपावी तशी बोटं त्या पानावर फिरत होती.

मांडणीवरचं ताट मला तिथे भर रस्त्यात आठवलं. माझ्या भोंग्याने ढोलाचं पान थरथरत होतं आणि हा माणूस त्या थरथरण्यावर ठोका देत होता. कानाने नाही, तळहाताने. किती वर्षं, कोण जाणे. आणि पाण्यातून मारलेली माझी हाक त्याला कधी पोचलीच नव्हती. बंदरावर त्याने हात हलवला तो मी दिसलो म्हणून, बोलावलं म्हणून नाही. एकमेकांशी बोलतच नव्हतो, मग एकाला ऐकू येत नाही हे दुसऱ्याला कळणार कसं?

मी भोंगा तोंडाला लावला आणि फुंकला. डोळ्यांसमोर काजवे चमकले, तोंडात रक्ताची चव आली. सूर काही फार मोठा नव्हता. पण महादूचे खांदे खाली आले, डावा पंजा स्थिर झाला आणि उजव्या हाताचा ठोका पावलावर पडला. दुसरा सूर, दुसरा ठोका. पारनाक्याच्या वळणापर्यंत साइड ड्रम जागेवर आला, पास्कल आणि मास्तर आपापसात जुळले, पोरी पुन्हा नाचायला लागल्या. मास्तरांनी पास्कलकडे बघून मान डोलावली. त्यांना वाटलं, पास्कल सुधारला.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या खोलीत सगळे जमलो. मास्तरांनी विषय काढला. मला समोर बसवून, फार वाईट वाटतंय अशा सुरात. "दामू, तू बघितलंस. सुरुवातीला जरा गडबड झाली ती पास्कलवर एकट्यावर ताण पडला म्हणून. दुसरा क्लॅरिनेटवाला आला की तो प्रश्न मिटला. भोंगा नव्हता त्याचा तर कुणाला पत्ताही नव्हता. खरं की नाही?"

पास्कल मान खाली घालून क्लॅरिनेटची रीड, ती बोरूची पट्टी, चोखत बसला. तो चांगला माणूस होता, पण त्याला खरोखरच पत्ता नव्हता.

उत्तर माझ्या ओठांवर होतं. गडबड क्लॅरिनेटने नाही, ढोलाने झाली, आणि ढोल चुकला कारण ढोलवाला बहिरा आहे आणि माझ्या भोंग्याशिवाय त्याला ताल धरता येत नाही. एवढं बोललो असतो तर माझी बाजू सिद्ध झाली असती. मग भोंगा फक्त बहिऱ्या ढोलवाल्यासाठी लागतो म्हणत मास्तरांनी माझ्याबरोबर महादूलाही काढलं असतं, आणि बहिरा ढोलवाला म्हणून ठाणे-कल्याणमधल्या दुसऱ्या कुठल्या बँडाने त्याला दारात उभं केलं नसतं. वाड्यात टिंगल झाली असती ती वेगळीच. मी त्याच्याकडे बघितलं. तो मास्तरांच्या ओठांकडे बघत होता. शांत खोलीत समोरून कुणी मोठ्याने बोललं तर त्याला बरंचसं समजायचं, आणि मास्तरांचा आवाज खणखणीत होता.

मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं, मास्तर."

महादू उठला. ढोल उचलून त्याने मास्तरांच्या पायाशी ठेवला. "यो गेला त मी पन गेलो. ढोल तुमी वाजवा."

आमचा अबोला सगळ्या बँडाला माहीत होता. मास्तरांनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "अरे, पण तुम्ही दोघं तर बोलत पण नाही."

महादू म्हणाला, "त्याचा काय संबंध?"

ऐन लग्नसराईत ढोलवाला घालवणं कुठल्याही मास्तरला परवडत नाही. दुसरा क्लॅरिनेटवाला पुढल्या वर्षावर गेला, आणि पुढल्या वर्षी त्याला दुसरीकडे काम मिळालं. मी राहिलो. मास्तर शेवटपर्यंत आमचं उदाहरण द्यायचे, म्हणायचे, दोस्ती अशी असावी, न बोलता. मी त्यांना खरं कधी सांगितलं नाही. ते आता नाहीत, महादूही नाही. त्याच्या मुलाला विचारलं, "लिहू का?" तो म्हणाला, "लिही काका, बाबांना आता कोन काय बोलनार हाय." म्हणून लिहिलं.

तालमीनंतर आम्ही दोघे खाडीच्या बांधाने घरी चाललो. ओहोटी लागली होती, चिखलात बगळे उभे होते. मी त्याच्या पुढे जाऊन उलटा चालत होतो, त्याला माझे ओठ दिसावेत म्हणून. बारशाची गोष्ट मी हातवारे करून सांगितली. होडी, हाक, हात. तो थांबला.

"तू बोलावलावतास?"

"बोलावलं होतं."

"मना वाटलं, माजा आता कान गेला म्हनून मानसां टालतान." त्याने उपरण्याने तोंड पुसलं. खाणीतल्या सुरुंगांनी कान नेले, असं त्याने सांगितलं. आधी पाखरं गेली, मग बायकोची हाक गेली, मग मास्तरांचं कॉर्नेट. वाजवताना हाताखाली फक्त मी उरलो होतो. "कोनाला बोलू नको," तो म्हणाला. मी गळ्यावर बोट ठेवून शपथ घेतली.

मग थोडं चालल्यावर तो एकदम म्हणाला, "एक बोलू? रागवू नको. तुजा पयला माउथपीस बरा होता."

मी जागच्या जागी उभा राहिलो.

"तू नवीन आनलास ना, त्याच दिशी समजला मना. तालमीत. जुना कसा हातावर टक् करून बसायचा. यो पसरतो. बरा हाय, पन पसरतो. कवापासून बोलायचं होतं, पन आपला बोलना बंद."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दाढेमुळे नव्हतं. सगळ्या बँडात ज्याला ऐकू येत नव्हतं, त्या एकट्याने माझा माउथपीस बदललेला ओळखला होता. केस नाहीत, चपला नाहीत. त्याच्या हातातला ढोल मी घेतला आणि घरापर्यंत माझ्या खांद्यावरून नेला.

घरी गेल्या गेल्या रॉकेलच्या बाटलीतून जुना माउथपीस उपसला. हौसा म्हणाली, "आता दिव्यात तेल कशान ओतू?" मी म्हटलं, माझा नवीन घे, चांदीसारखा आहे. तिने खरंच घेतला. जुना मी राखेने घासला, चिंचेने घासला, गरम पाण्यात उकळला, आणि पुढच्या लग्नाला तोच लावून गेलो. कड ओठाला टोचत होती. पहिला सूर दिला तेव्हा महादूने माझ्याकडे बघितलं नाही. डावा पंजा ढोलाच्या पानावर होता, त्यातलं एक बोट त्याने उचललं आणि पुन्हा ठेवलं.

त्यानंतर महादू ढोल वाजवत होता तोवर मी तोच माउथपीस लावला. बँडात कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. फक्त पास्कलने पहिल्या दिवशी नाक वाकडं करून विचारलं, "अरे, इथे रॉकेलचा वास कुठून येतोय?"